गुरुवारची थाळी

बाहेरून कडी लागली तेव्हा बायडाबाई हात धूत होती. दवाखान्याच्या सिस्टरनं शिकवल्यासारखे, कोपरापर्यंत, साबण लावून, नखं घासून. कडीचा आवाज तिनं ऐकला, मान वर केली आणि पुन्हा हात चोळायला लागली. छबूबाईच्या घरची रीत तिला ठाऊक होती. बाळंतिणीपाशी जी बाई आत गेली ती पोर जन्मल्याशिवाय बाहेर पडायची नाही. मधेच तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं तर कळाही तिच्यामागनं निघून जातात, असं त्या घरात मानत.

आता लांबून ऐकणाऱ्याला हसू येईल. पण छबूबाईची थोरली जाऊ ह्याच खोलीत बाळंतपणात गेली होती. सुईण पाणी प्यायला म्हणून परसात गेली आणि तेवढ्यात कळा थांबल्या, त्या थांबल्याच. छबूबाई तेव्हा सोळा वर्षांची, आणि जावेचं डोकं तिच्या मांडीवर होतं. घर तिच्या हातात आलं त्या दिवसापासून तिनं कडी लावायला सुरुवात केली. त्यानंतर त्या खोलीत एकही बाई दगावली नव्हती, हेही तितकंच खरं होतं.

खोलीला दारं दोन. एक माजघरात उघडायचं, एक परसात. बायडाबाई बुद्धवाड्यातली, म्हणून तिचं येणंजाणं परसातनं. माजघर तिनं कधी बघितलेलं नव्हतं.

नवरा जाऊन तिला नऊ वर्षं झाली होती. वर्षापूर्वी, म्हणजे एकाहत्तर साल उजाडायच्या आधी, दवाखान्याची सिस्टर कर्जतकडून जीप घेऊन गावात आली आणि म्हणाली, बाळंतपणं बघायला तुमच्यातलीच एक बाई द्या, मी शिकवते. पंचांनी बायडाबाईचं नाव पुढं केलं. तिची हुशारी बघून केलं म्हणाल तर तसं काही नाही. आपली बायको नाहीतर सून द्यायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. बाईला अक्षर येत नव्हतं, पण कानावर पडलेलं ती विसरायची नाही. सिस्टर पिशवीत चिंध्यांची बाहुली घालून दाखवायची. डोकं आधी आलं तर घाबरू नका. हात आधी आला तर ओढू नका, आत ढकलू नका, बाईला जीपमध्ये घाला. जीप दर गुरुवारी मारुतीच्या पारापाशी यायची. आली की एक हॉर्न, निघताना दोन.

तो दिवस गुरुवारचाच होता.

छबूबाईची सून मुक्ता एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण असून सासरी राहिली, कारण माहेरी आई नव्हती. सुटका लवकर व्हावी म्हणून सासूनं घरातली सगळी कुलपं काढली होती. पेट्या उघडल्या होत्या, कणगीची झाकणं बाजूला केली होती, मुक्ताची वेणी सोडली होती, लुगड्याची गाठसुद्धा ठेवली नव्हती. सगळं घर उघडं टाकलेलं, बंद होती ती एवढी दोन दारं.

पाणी गेलं आणि त्यामागनं एक हात बाहेर आला. इवलासा, निळसर. बायडाबाईनं मुक्ताला कुशीवर वळवलं आणि माजघराच्या दाराला तोंड लावलं.

“आक्का, कडी काढा. पोर आडवं हाय. हिला जीपमधी घाला लागंल.”

“कळा हायेत का?” छबूबाईनं विचारलं.

“हायेत.”

“मंग दार उघडायचं न्हाई. तू भायेर पडलीस की थांबतील. म्या बघितलंय, बायडे.”

“आक्का, हात आलाय. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं.”

“व्हईल. तू पाऊल भायेर टाकू नगस म्हंजे झालं.” छबूबाईच्या आवाजात राग नव्हता. ती दारापलीकडं रडत होती, आणि म्हणूनच ती दार उघडणार नाही हे बायडाबाईला कळून चुकलं.

बायडाबाई परसाकडच्या दाराशी गेली. फटीतनं विडीचा वास येत होता. मुक्ताचा नवरा सहादेव बाहेर बसला होता, चोवीस वर्षांचा धडधाकट गडी.

“सहादेव, बाबा, तू तरी काढ.”

विडी जमिनीवर चुरडल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “आय न्हाई म्हनती, मावशी.”

पाराकडं एक हॉर्न वाजला. म्हणजे जीप आली. तिथं आता बायका पोरं घेऊन रांगेला लागतील, सिस्टर एकेकाचं पोट दाबून बघेल आणि बारा वाजले की जीप निघून जाईल. पार हाकेच्या अंतरावर होता. बायडाबाईनं दारावर धडका मारून बघितल्या. सागवानी दार ते, हललंसुद्धा नाही. मुक्ता ओरडायची थांबून नुसती कण्हायला लागली, तेव्हा मात्र बाईनं धडका मारायचं सोडलं. आपण हिच्यासंगं इथं कोंडलो गेलो आणि आता हिला मरताना बघत बसायचं, एवढंच तिला दिसत होतं.

भिंतीला काशाची थाळी टेकवून ठेवली होती, वर उलथनं. पोर जन्मलं की त्याच्या कानापाशी थाळी वाजवतात, म्हणजे पुढं ते कशाला दचकत नाही. थाळी वाजली की घराला कळतं, आळीला कळतं, दारं उघडतात.

न जन्मलेल्या पोराची थाळी कुणी वाजवत नाही. असं कुणी केल्याचं तिनं ऐकलंही नव्हतं. तिनं उलथनं उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पाराकडं दोन हॉर्न वाजले.

तिनं थाळी वाजवली.

माजघराचं दार उघडलं. छबूबाई हातात गुळाचा खडा घेऊन उभी होती, चेहरा नुसता फुललेला. बायडाबाई तिच्या अंगावरनंच गेली. माजघरातनं, देव्हाऱ्यापुढनं, ओसरीवरनं, जन्मात पहिल्यांदा, आणि तेही पळत. गावच्या शिवेपाशी तिनं जीप गाठली.

मुक्ताला थेट नगरला नेलं. पोट फाडून पोर काढलं. मुक्ता जगली. पोर मेलेलं होतं, मुलगा.

सिस्टरनं घरी येऊन सांगितलं की हात बाहेर आला तेव्हाच ते गेलेलं असणार. पण सिस्टरचं कोण ऐकतं? जन्माआधी थाळी वाजवली, पोर त्या आवाजानंच गेलं, असं गावानं ठरवून टाकलं. बायडाबाईला थाळीवाली म्हणायला लागले. पोरंटोरं तिच्यामागं डबे बडवत पळायची. गरवार बाई समोरनं आली तर पदर ओढून गल्ली बदलायची. आणि खरं दुखणं पुढंच होतं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबायचे, सिस्टर बरोबर बोलली असेल का, असं वाटायचं. घरातली एकुलती एक थाळी तिनं उतरंडीमागं टाकली आणि भाकरी हातावर घेऊन खायला लागली.

मधे दुष्काळाची दोन वर्षं गेली. मुक्ताला पुन्हा दिवस राहिले. सिस्टरनं बायडाबाईला बजावलं, हिचं पोट शिवलेलं आहे, कळांत उसवू शकतं, बाळंतपण दवाखान्यातच झालं पाहिजे. बायडाबाई तीनदा त्या परसात जाऊन उभी राहिली.

“एक पोर दिलं तुमच्या दवाखान्याला,” छबूबाई म्हणाली. “आता न्हाई.”

आणि मग एका सकाळी छबूबाई स्वतः बुद्धवाड्यात आली. बायडाबाईच्या दाराबाहेर उभी राहून दुसरीकडंच बघत म्हणाली, “मुक्ताच्या पोटात दुखतंय. तुझ्याबिगर कुनाला हात लावू देत न्हाई. चल.”

परसात तुळशीपाशी भांड्यांचा ढीग पडला होता. थाळ्या, पराती, तांबे, गडवे, पळ्या, खोलीतलं आणि माजघरातलं वाजण्यासारखं जेवढं होतं तेवढं सगळं. बायडाबाई त्या ढिगाकडं बघत राहिली.

“थाळी भायेरच हाय,” छबूबाई म्हणाली. “पोर रडलं की आमी वाजवू.”

उंबऱ्यापाशी बायडाबाई थांबली. तिला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. आत गेलं की कडी, आणि ह्या खेपेला पोर गेलं किंवा मुक्ता गेली तर गावात राहायची सोय नाही. न जावं तर ती पोर आत एकटी. सहादेव गोठ्यापाशी मान खाली घालून दावं वळत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. बायडाबाई आत गेली आणि मागं कडी लागली.

मुक्ता भिंतीला टेकून बसली होती, ओठ चावून चावून रक्ताळलेले. बायडाबाईनं पोटावर हात ठेवला. डोकं खाली होतं, पण जुन्या टाक्यांवर बोट लावलं की मुक्ता कळवळत होती. कळा एकामागनं एक येत होत्या.

“कधीपासनं ह्या?”

“काल दुपारधरनं.”

“अगं, मंग काल का न्हाई सांगितलंस?”

मुक्तानं दम घेतला. “काल बुधवार हुता, मावशी.”

बायडाबाईनं पदरानं तिचा घाम पुसला. ही पोर काल दुपारपासून अख्खी रात्र कळा गिळत, भाकरी थापत, पाणी भरत, सासूपुढं हसत राहिली होती.

मुक्तानं वाकळेखाली हात घातला आणि काशाची थाळी बाहेर काढली, उलथन्यासकट.

“ह्यांनी आनून दिली,” ती कुजबुजली. “आयला न्हाई म्हनता येत न्हाई त्यास्नी. थाळी वाजली की कडी काढतो म्हनले. पोर झालं समजून काढली, आसं सांगतील. गाडी जुंपून ठिवलीय.”

पाराकडं हॉर्न वाजला, एकच. बायडाबाईनं उलथनं उचललं आणि खाली ठेवलं, दोन वर्षांपूर्वी ठेवलं होतं तसंच.

“मुक्ता, पोराला काय झालं तर?”

“मागल्या टायमाला मी जगले ना,” मुक्ता म्हणाली. तिनं थाळी दोन्ही हातांनी आपल्या छातीपुढं धरली. “वाजवा.”

बायडाबाईनं उलथनं पुन्हा उचललं आणि ठोका दिला. माजघरात छबूबाई किंचाळली, थाळी कुनी दिली म्हणून. दुसरा ठोका पडायच्या आत परसातली कडी निघाली.