आधी तुम्ही न्या

अगं, काल काय झालं माहितीये? ओसाकाच्या शाळेची बस आली, पोरं उतरली, आणि त्यांना राहायला घरी न्यायचं म्हणून आपल्या गावातली तीन घरं समोर उभी. एवढं जमलं असतं तर शाळा दरवर्षी येणार होती! पण कोण कुणाला नेणार, हे गावप्रमुखांनी ठरवलंच नव्हतं, उगाच कुणी दुखावायला नको म्हणून.

मी म्हटलं, "इसोनोकाकू, तुम्ही न्या ना."

"छे गं! आधी कुरेमात्सुंकडे. त्यांचं घर मोठं."

कुरेमात्सुकाका वाकून म्हणाले, "आमचं कसलं घर, नुसता गोठा! आधी हिरानुमांकडे."

हिरानुमाकाकांनी वाकून परत काकूंकडे हात केला. आता आपल्याकडे आधी हो म्हणणारा आगाऊच ठरतो ना! आणि काकूंनी सकाळपासून पोरांसाठी चिकट भाताचे मोचीचे गोळे कांडलेले, तिन्ही घरी गाद्या उन्हात घातलेल्या. मी अगदी रडकुंडीला आले. पोरं बॅगांवर बसली. अंधारून आलं तसे मास्तर हसून म्हणाले, "राहू दे, तुम्हाला त्रास नको. आम्ही हॉटेलात जातो."

बस निघाली. ती वळणाआड जाईपर्यंत सगळे ओळीत कमरेत वाकून उभे. मीसुद्धा.