बोंबलांना दाखवलेलं ऊन

"आमची पूर्वी एकटी जाणार नाही," एवढं एकच वाक्य बाबा माझ्याबद्दल बोलले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला पहिलंच काम मिळत होतं. हिमाचलात पोंग धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात पट्टकादंब उतरतात, हिमालय ओलांडून येणारे हंसासारखे पक्षी. त्यांना पकडून पायात नंबराची कडी घालायची आणि सोडून द्यायचं, असं दोन महिन्यांचं शिबिर होतं. भिवंडीजवळच्या आमच्या राहनाळमध्ये हे समजावताना "पकडायचे आणि सोडायचे?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला, की शेवटी नुसतं "पक्ष्यांचं काम" म्हणायला लागले.

तोडगा असा निघाला की ताई आणि तिचे यजमान, म्हणजे दाजी, मला पोचवायला येतील आणि जागा बघतील. दाजींनी फोनवर हो म्हटलं तर मी तिथे राहायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर परत.

दाजींची राहनाळला गोदामं आहेत. त्यांच्या फाटकातून ट्रक बाहेर पडायचा तर दाजींनी हात वर करून "जाने दो" म्हणावं लागतं. ते जेवत असतील तर ड्रायव्हर बसून राहतो. इतकी वर्षं हे चाललंय की चाकं असलेली कुठलीही वस्तू आपल्या परवानगीशिवाय हलत नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे.

ताईने सामानात एक गोणी आणली होती. शिबिर चालवणाऱ्या सरांसाठी सुके बोंबील आणि सोडे. पहिल्यांदा कोणाच्या दारी जायचं तर रिकाम्या हाताने जात नाहीत. सर शाकाहारी असावेत, असं मी निघण्याआधीच सांगितलं होतं. ताई म्हणाली, "ज्याने सोडे खाल्ले न्हाय त्याला माहीतच न्हाय आपण कोण हाय ते."

पठाणकोटहून पहाटे सुटणारी ती अरुंद रुळांची छोटी गाडी. डोंगरातली किती तरी गावं तिच्यावरच चालतात. डब्यात दुधाचे कॅन होते, शाळेचे मास्तर होते, माहेरी निघालेल्या बायका होत्या आणि एक बकरी होती. मी पाण्याच्या बाजूची खिडकी धरायला आधी चढले होते. नकाशावर बघून ठेवलं होतं, जलाशय उजव्या हाताला येणार. ताईने तिथे गोणी बसवली. पठाणकोटच्या धुक्याने बोंबील ओलसर झाले होते आणि त्यांना वारा हवा होता. मी बकरीशेजारी बसले. थोड्या वेळाने वास डब्यात पसरला, तेव्हा बायकांनी ओढण्या नाकाला लावल्या. बकरीनेही तोंड फिरवलं.

सरांनी बजावलं होतं: नगरोटा सूरियाँला उतरा, बारा वाजता होडी बेटावरच्या शिबिराकडे निघेल, त्यानंतर दोन दिवस होडी नाही. आणि जो वेळेवर येणार नाही त्याच्या जागी दुसरा तयार आहे. हे मी ताईला आणि दाजींना गाडीतही पुन्हा सांगितलं. दोघांनी मान हलवली. ताई गोणीतला एक बोंबील वाकवून बघत होती. तो मोडला नाही, वाकला. तिचा चेहरा उतरला.

एका छोट्या स्टेशनवर गाडी थांबली. रूळ एकच, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती. फलाटावर स्वच्छ ऊन पडलं होतं. मी पाण्याची बाटली भरून परत फिरले तेव्हा ताईने फलाटावर जुनी साडी अंथरली होती आणि तिच्यावर बोंबील ओळीने मांडत होती. काठापासून सुरुवात करून, एकावर एक येऊ न देता, खाडीकाठच्या अंगणात मांडतात तसे.

मी विचारलं, हे काय चाललंय. ताई म्हणाली, जरा ऊन दाखवते, न्हायतर बुरशी धरेल. मी म्हटलं गाडी सुटेल. तेव्हा दाजी बाकावरून म्हणाले, "सुटायची न्हाय. ड्रायव्हरला चहा पाजलाय. मला विचारल्याशिवाय तो हलत न्हाय."

मी त्यांना सिग्नल, स्टेशनमास्तर आणि गार्ड यांचा परस्परसंबंध समजावायला लागले. दाजी शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले की शिकलेल्या माणसांना घाई फार.

पहिली घार आली ती थेट साडीवर. एक बोंबील घेऊन गेली. मग आणखी दोन आल्या. ताई पदर हलवत धावली, दाजी काठी शोधायला लागले, फलाटावरचे लोक जमले. तेवढ्यात समोरची गाडी धडधडत आत आली. आमच्या गाडीने शिट्टी दिली.

"दाजी, चढा," मी ओरडले. दाजींनी इंजिनाकडे तोंड करून हात आडवा धरला, थांब म्हणून. इंजिन थांबलं नाही. ते हात तसाच धरून उभे राहिले. ताई दोन्ही हातांनी साडीची चार टोकं गोळा करत होती आणि गोळा होत नव्हती.

माझी सॅक आत होती. बारा वाजताची होडी पुढे होती. गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली होती, म्हणजे ठरवायला थोडा वेळ होता, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. मी चढले.

"उतर खाली," दाजी म्हणाले. "एकटी जायचं न्हाय ठरलंय."

ताई मागून ओरडली, "सरांना सांग, भेट मागून येते!"

खिडकी आता मोकळी होती. पाणी आलं, निळं, लांबच लांब, पलीकडे धूसर टेकड्या, उथळ कडेला पक्ष्यांचे करडे पुंजके. ज्यासाठी भिवंडीहून निघाले ते सगळं समोर होतं आणि मी मनातल्या मनात दाजींशी भांडत होते. एकही पुंजका मोजला नाही. पुढे एका वळणाआधी गाडी काही कारण न सांगता बराच वेळ उभी राहिली.

नगरोट्याला उतरले तेव्हा फलाटावर दाजी उभे होते.

रस्त्यावर त्यांना एक ट्रक मिळाला होता. ड्रायव्हर राहनाळला माल घेऊन येणारा निघाला, त्याने दाजींना लांबूनच ओळखलं होतं. ताई ट्रकच्या केबिनमधून उतरत होती. शेजारी मला न्यायला आलेले सर उभे होते, हातात सोड्यांची पिशवी, चेहऱ्यावर नको कसं म्हणावं याचा विचार. ते मला म्हणाले, होडी तयार आहे, घरच्यांना कळवायचं असेल तर लवकर.

फोनचा बूथ स्टेशनसमोरच होता. दाजींनी नंबर फिरवला. मी काचेबाहेर उभी राहिले. आता ते सांगणार, की तुमची मुलगी आम्हाला टाकून गेली, आणि पुढे काय होणार हे मला माहीत होतं.

"पोचलो," दाजी फोनवर म्हणाले. "जागा चांगली हाय, सर चांगले हायत. आणि मी एक केलं. मुद्दाम तिला शेवटची स्टेशनं एकटी पाठवली, म्हटलं बघू जमतं का. आम्ही ट्रकने मागून. आली बरोबर. र्‍हाऊ दे तिला."

मुद्दाम. मी काचेवर टकटक केलं. मुद्दाम काही नव्हतं, घारी होत्या, आडवा धरलेला हात होता, "उतर खाली" होतं. अर्धं वाक्य तोंडात आलंही. दाजींनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"काय गो," बाबा विचारत होते, "दाजी सांगतात ते खरं?"

घाटावरून बोलवायला आलेल्या होडीवाल्याने हाक मारली. ताई मला सरांसाठी आणखी एक पुडी दाखवत होती, घारींपासून वाचलेली.

"हो बाबा," मी म्हटलं. "दाजींनीच पाठवलं."