बिनडोळ्यांची म्हैस

मी, हासाजी, रोहा-पेण एसटीवर कंडक्टर होतो तेव्हा तिकिटाबरोबर एक थाप फुकट मिळायची. त्यातली सगळ्यात खपलेली थाप म्हणजे काळुरामची म्हैस. खाडीकाठच्या काळुरामच्या म्हशीने एका दुपारी आख्खं मिठागर चाटून संपवलं. मग तिला लागली तहान. तिने खाडीला तोंड लावलं आणि भरतीचं सगळं पाणी पिऊन टाकलं. होड्या चिखलात बसल्या, मासे रस्ता विचारत हिंडू लागले. एवढ्यात चिखलात रुतलेलं आपलं पारडू म्हशीला दिसलं. ती अशी रडली, अशी रडली, की खाडी पुन्हा काठोकाठ भरली आणि पारडू तरंगत तिच्यापाशी आलं. खाडीचं पाणी खारट का, ते आता तुम्हाला कळलं. विश्वास नसेल तर चाखून बघा.

ही थाप जोहे गावच्या इंदुबाईची ऋतुजा ऐकायची, तिला अर्धं तिकीटही लागत नव्हतं त्या वयात, आईच्या मांडीवर बसून. इंदुबाई गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखते. सोंड, पितांबर, मुकुट कोणीही रंगवो. डोळे सगळ्यात शेवटी, आणि ते इंदुबाईनेच. पोर रंगकामात तरबेज झाली, तरी डोळ्यांना तिचा ब्रश लागू दिला नाही. "तुजा हात अजून हलतो गो," एवढंच म्हणायची.

तर ही ऋतुजा एका शनिवारी रोह्याला माझ्या दारात उभी. हातात टॅब.

"काका, म्हशीचं पुस्तक करते. चित्रं माझी, आवाज तुमचा. बोट लावलं की चित्र हलणार."

शनिवारी आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, काम करत नाही. पण थापा मारणं हे काम आहे, असं आमच्या कुठल्याच ग्रंथात मी वाचलेलं नाही. मी सुरू झालो.

"थांबा, थांबा. गाडीत म्हैस हत्तीएवढी होती. आता डोंगराएवढी?"

"मधे किती वर्षं गेली! वाढायची नाय ती?"

हसता हसता तिने खरं काय ते सांगितलं. मुंबई-पुण्याची पुस्तकं काढणारी आणि कार्टून बनवणारी मंडळी महिन्याभराने एका रविवारी पेणला नवी कामं बघायला येणार होती. त्यांनी पुस्तक उचललं तर चित्रांवर जगायचं. नाहीतर लगेच सोमवारपासून नागोठण्याला कंपनीत शिफ्टवर. मायलेकींचं तसं ठरलंच होतं.

तो रविवार उजाडला. पेणच्या हॉलमध्ये मी आणि इंदुबाई दुसऱ्या रांगेत बसलो, ऋतुजाने टॅब मोठ्या पडद्याला जोडला. माझा आवाज घुमला. (चांगला आहे हो माझा आवाज!) माशाला बोट लावलं की तो "पेण कुठं आलं?" विचारायचा. मंडळी खदखदून हसली. पुढे पुढे सरकून बसली. आणि शेवटचं पान आलं. म्हैस रडते, पाणी चढतं.

पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या प्रकाशकबाई म्हणाल्या, "फार गोड. पण ही रडते कुठून? हिला डोळेच नाहीत."

म्हशीच्या गुळगुळीत तोंडावरून पाणी वाहत होतं. ऋतुजाने पानं मागे नेली. पारडू, काळुराम, रस्ता विचारणारे मासे, एकालाही डोळे नव्हते! बिनडोळ्यांच्या मूर्तींमध्ये वाढलेली पोर. डोळे शेवटी म्हणून ठेवले आणि ते राहिलेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही. इंदुबाईला वाटलं, आखणी बाकी असेल. मला वाटलं, म्हैस झोपली असेल.

पोरीचं तोंड ओल्या शाडूसारखं झालं. मी उठलो.

"बाई, ते मुद्दाम राखून ठेवलेत. आमच्याकडे डोळे शेवटी देतात. एकदा दिले की ती बघायला लागते, आणि जो समोर असेल त्याच्या मागे घरी जाते. तुमच्याकडे गोठा हाय का, ते आधी सांगा."

बाई हसल्या. "डोळे बघू, मग गोठ्याचं बघू."

आता माझी थाप संपली होती. पुढचं ऋतुजालाच करायचं होतं. तिने मागे आईकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघतंस?" इंदुबाई कडाडली. "माजी म्हस हाय काय ती?"

ऋतुजाने टॅबचं पेन उचललं. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत, एक वळण. मग दुसरं. हात हलला नाही. बुबुळ भरलं, त्यात पांढरा ठिपका ठेवला आणि म्हशीने आख्ख्या हॉलवर नजर फिरवली. ऋतुजाने बोट लावलं. त्या डोळ्यांतून असं पाणी सुटलं की पुढच्या रांगेतल्या कार्टूनवाल्या साहेबांनी पाय खुर्चीवर घेतले. खोटं वाटेल, पण माझी डावी चप्पल ओली झाली.

टाळ्या थांबेनात.

"पुस्तक आम्ही काढणार," प्रकाशकबाई उभ्या राहून म्हणाल्या.

"आणि कार्टूनमध्ये म्हैस आम्ही पळवणार," साहेब पाय खाली न टेकवता म्हणाले. "अजून गोष्टी आहेत का?"

"रोहा ते पेण जेवढे थांबे, तेवढ्या," मी म्हटलं. "आणि गाडी विनंती थांब्यालाही थांबते."

परतीच्या गाडीत इंदुबाई म्हणाली, "कंपनीत फोन कर. येत नाय म्हणून सांग." थोड्या वेळाने पुन्हा, "आणि यंदा मोठ्या गणपतीची आखणी तू कर."

ऋतुजा टॅब छातीशी धरून नुसती हसत राहिली.

तेवढ्यात कंडक्टर आला. मी त्याला म्हटलं, "तीन माणसं आणि एक म्हैस."

आमच्याच खात्यातला तो. चेहरा न हलवता विचारतो, "म्हशीचं फुल की हाफ?"

"सकाळी हाफ चाललं असतं," मी म्हटलं. "आता डोळे उघडलेत तिने. फुल काढ."