राखीव पंपाचा हिरवा रंग

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा पंप आहे. धरणाच्या काठी एक पंपघर आहे, तिथे खिडकीकडच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. लांबून पाहिलंत तर तुम्ही मला जुना म्हणणार नाही, कारण माझ्या अंगावर चकचकीत हिरवा रंग आहे. त्या रंगाने सगळा घात केला. म्हणूनच आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तापलेलं लोखंड साच्यात ओतून माझं अंग घडवलं, आत पाणी फेकणारा पंखा बसवला आणि शेजारी मोटर जोडली. त्याच दिवशी माझा जुळा भाऊही तयार झाला. आम्हा दोघांना एकाच ट्रकमध्ये घालून इथे आणलं. हा मुलूख कोरडा आहे. पाऊस येतो तो वाट चुकल्यासारखा, आणि विहिरी खणाव्यात तर खाली खडक. म्हणून बारा गावांना मिळून एकच पाणीयोजना मंजूर झाली. आम्ही धरणातून पाणी उचलायचं, टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, आणि तिथून ते उताराने गावोगाव जायचं. योजनेसाठी मोठं कर्ज काढलं होतं. उद्घाटनाला फीत कापली, फोटो निघाले. आम्ही दोघे नव्या नवऱ्यांसारखे ताठ बसलो होतो.

दोन पंप कशाला, असं तुम्हाला वाटेल. पंपालाही विसावा लागतो, मित्रांनो. आज भाऊ चालायचा, उद्या मी. एक बिघडला तर दुसऱ्याने भार उचलायचा. कागदावर मला राखीव पंप म्हणत, पण पाळ्या आम्ही सारख्याच केल्या.

आमची निगा राखणारा ऑपरेटर मोठा मायाळू माणूस. त्याची थोरली बहीण अगदी शेवटच्या गावात दिली होती. सकाळी पंप सुरू केला की तो तिला फोन करायचा, आणि नळाला पाणी आलं की ती त्याला करायची. आमच्या घरघरीत ऐकू येत नाही म्हणून तो फोन स्पीकरवर ठेवून ओरडून बोलायचा. त्यामुळे ताईचा आवाज मला पाठ झाला होता. "आलं रे बाबा, भांडी भरली," असं ती म्हणाली की मलाच माझी पाठ थोपटल्यासारखं वाटायचं.

पण योजना बांधायला पैसे मिळाले होते, चालवायला नव्हते. तो खर्च गावांनी पाणीपट्टीतून करायचा होता. अलीकडची गावं म्हणायची, पाणी तर येतंच आहे, भरू सावकाश. पलीकडची म्हणायची, आमच्या नळाला करंगळीएवढी धार, तिचे पैसे कसले मागता? जे काही जमा व्हायचं ते विजेच्या बिलात जायचं. दुरुस्तीच्या नावाने शंख.

एका उन्हाळ्यात विजेचा दाब कमीजास्त झाला आणि माझी मोटर जळाली. योजनेचं काम पाहणाऱ्या इंजिनियर मॅडमनी पैशांसाठी वरच्या कार्यालयाचे उंबरे झिजवले. उत्तर एकच मिळालं, नव्या कामाला निधी आहे, दुरुस्तीला नाही. तेवढ्यात भावाचं बेअरिंग गेलं. नवं आणायला पैसे नव्हते, म्हणून माझं काढून त्याला बसवलं. "तात्पुरतं काढतोय रे," ऑपरेटर माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाला. मग मोटरला पंपाशी जोडणारं माझं कपलिंग त्याला बसवलं, मग पंखा, मग पंखा फिरवणारा दांडा. दर वेळी तात्पुरतंच. भावाला दिलं याचं मला दुःख नाही, तो चालला म्हणून गावं प्यायली. पण शेवटी माझ्यात काहीच उरलं नाही. माझ्या पोटात एका कोळ्याने संसार थाटला आणि माझी वरची बाजू डबा ठेवायला बरी पडू लागली.

आणि मग तपासणीचं पथक येणार, अशी बातमी आली. योजना नीट चालली आहे असं त्यांनी लिहिलं तरच निधीचा पुढचा हप्ता मिळणार होता. एक पंप मेलेला दिसला असता तर सगळंच अडकलं असतं. मॅडम माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, एवढा हप्ता पदरात पडू दे, पहिलं काम ह्याचंच करू. ऑपरेटरने मान डोलावली आणि रंगाचा डबा आणला.

त्याने मला इतक्या निगुतीने रंगवलं की क्षणभर मीच फसलो. साहेब लोक आले. भाऊ चालू होता, आणि एक चालू असताना दुसरा लावत नाहीत, त्यामुळे माझं बटण दाबायला कुणी सांगितलं नाही. एका साहेबांनी कौतुकाने माझ्यावर हात ठेवला तर त्यांचा तळवा हिरवा झाला. रंग अजून ओला होता. ते हसले, रुमालाने हात पुसत म्हणाले, "निगा चांगली ठेवलीय हो." मॅडम खाली बघत होत्या.

हप्ता आला. पण तो नवीन पाइप टाकण्यासाठीच होता, दुसरीकडे वळवता येणार नव्हता. मॅडमनी नव्या पंपाची मागणी केली तेव्हा उत्तर आलं, तुमच्याकडे दोन पंप सुस्थितीत आहेत, तिसरा कशाला? उलट दोन पंप आहेत म्हणून आणखी चार गावं योजनेला जोडली. मित्रांनो, सोळा गावांचा भार एकट्या भावावर पडला. त्याला विसावा देणारा मी होतो, आणि मी म्हणजे नुसतं हिरवं टरफल.

त्यानंतरचं वर्ष कोरडंच गेलं. शेवटच्या गावातली माणसं सामान बांधू लागली. ताई घरोघर गेली आणि तिने सगळ्यांना थांबवलं. माझा भाऊ तिथे पंपावर कामाला आहे, एक पंप बंद पडला तरी दुसरा तयार आहे, असं ती सांगायची. ऑपरेटरनेच तिला तसं सांगितलं होतं. खरं सांगायला त्याची जीभ रेटली नव्हती. लोकांनी तिच्या शब्दावर बांधलेली गाठोडी सोडली.

आणि ऐन उन्हात भावाचा दांडा मोडला. तो दांडा एकेकाळी माझा होता. कर्कश आवाज झाला आणि पंपघर गप्प झालं. दुसरा दांडा कुठून काढणार? मॅडम धावत आल्या. नवा पंप यायला महिने लागणार होते. टँकर अलीकडच्या गावांना पोचले, पण शेवटच्या गावाकडे वळेपर्यंत रिकामे होत होते. ताईचा फोन सारखा वाजायचा. तिचं एकच म्हणणं, दुसरा पंप का लावत नाहीस? ऑपरेटर म्हणायचा, लावतो, लावतो. एकदा तर फोन ठेवल्यावर त्याने माझं बटण खरंच दाबलं. माझ्यात काही नाही हे त्याला माहीत होतं, त्यानेच तर सगळं काढलं होतं. तरी दाबून धरलं. मित्रांनो, मला फिरायचं होतं. जिवाच्या आकांताने फिरायचं होतं.

चार दिवसांनी पंपघरासमोर एक टेम्पो थांबला. वर गाद्या, कपाटं, रिकामे हंडे आणि माणसं. शेवटचं गाव शहराकडे निघालं होतं. ताई उतरून आत आली. ऑपरेटरला ओलांडून ती सरळ माझ्याकडे आली. तिने माझ्यावर बोटांनी टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला.

"हाच का रे दुसरा?"

"ताई, आत काहीच नाहीये. नुसता रंग आहे."

"मला तरी सांगायचंस," ती म्हणाली. "निघणारे तेव्हाच निघाले असते, थोडं पाणी बरोबर घेऊन. मी थांबवलं त्यांना." बाहेरून कुणीतरी हाक मारली तशी ती गेली. तेव्हापासून ऑपरेटरचा फोन वाजलेला नाही. तो रोज येतो, कुलूप उघडतो आणि माझ्याशेजारी बसून राहतो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी योजना मंजूर करेल, कुणी त्या तपासायला येईल. तेव्हा आमच्यासारख्या राखीव पंपांसमोर उभे राहाल तर रंगाचं कौतुक करू नका, पाठ थोपटू नका. मी अजून इथेच आहे, हिरवागार. तुम्ही आलात तर एवढंच करा, माझं बटण दाबून पाहा.