पखवाजाच्या खोळीतलं कार्ड

या, अशा पुढे सरका. चप्पल कुणी नेणार नाही, चपलेकडे बघू नका, माझ्याकडे बघा. आज पूर्वरंग नाही, अभंग नाही, थेट आख्यान सांगते. चौदा माणसं समुद्रापलीकडे कीर्तनाला गेली, तेरा परत आली. चौदावाही विमानातून उतरला, पण तो आमच्यात परत आला नाही. तो कसा गेला ते ऐका. सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या. वर्षभर दाबून ठेवलाय.

शत्रुघ्नदादा आमच्या निर्मळच्या मंडळाचे पखवाजी. नोकरी नालासोपाऱ्याला, पाणी सोडायची. गल्लीगल्लीतल्या व्हॉल्व्हवर लांब दांड्याची चावी लावायची आणि ठरल्या वेळेला फिरवायची. एकतीस वर्षं. पाणी आलं की कुणाला त्यांची आठवण नाही, नाही आलं की आईबहिणीवरून शिव्या. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही. संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुवायचे, कणीक मळायची आणि देवळात यायचं. ती कणीक पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात, तेव्हा कुठे तो घुमतो. कीर्तन संपलं की ती खरवडून काढायची, नाहीतर कातडं खराब होतं. हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

गेल्या वर्षी मॉरिशसच्या एका मराठी मंडळाने सात दिवसांच्या कीर्तनाला बोलावलं. तिकीट, राहणं त्यांचं. जेवणखाण, फिरणं, परतीच्या दिवशी विमानतळापर्यंतची गाडी आमची. बँकेने प्रत्येकाला डॉलर भरलेलं कार्ड करून दिलं.

आता आमची एक रीत आहे, ती सांगितली पाहिजे. मंडळ कुठेही बाहेर निघालं, कळंबला असो की वाड्याला, की निघताना सगळ्यांनी आपापलं पाकीट एका लाल झोळीत टाकायचं. झोळी अध्यक्षांच्या कमरेला. चहा, भाडं, सगळं त्यातून. कुणाच्या खिशात वीस रुपये असतात, कुणाच्या दोन हजार. ते दिसू नये, देवाच्या दारी सगळे सारखे, म्हणून ही रीत. किती गोड रीत आहे. मला अजून गोडच वाटते, आणि म्हणूनच जास्त चीड येते.

आमचे अध्यक्ष विलासराव, सरकारी खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मुंबईच्या विमानतळावर झोळी फिरवली आणि सांगितलं, कार्ड, रोख, सगळं लिफाफ्यात घाला, लिफाफ्यावर नाव घाला, आणि पिनही लिहा, म्हणजे मला काढता येतील. बँकेचा मदतीचा नंबर असलेली चिठ्ठीसुद्धा त्यातच. पासपोर्ट तेवढे ज्याचे त्याच्याकडे राहिले, ते दाखवायला लागतात म्हणून.

शत्रुघ्नदादांनी एक लिफाफा टाकला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, माझी दोन कार्डं आहेत. एक झोळीत. दुसरं माझ्याजवळ राहील, पिन डोक्यात राहील. तुम्हीपण थोडं वेगळं ठेवा.

आमचा पेटीवाला सुमेध हसला. "दादा, मारुतीराया लंकेला गेले तेव्हा अंगठी एकच होती. दुसरी स्पेअर नव्हती."

"म्हनून तर तोंडात धरली," दादा म्हणाले. "दुसऱ्याच्या पिशवीत नाय टाकली."

सगळे हसले. विलासराव हसले नाहीत. एवढंच म्हणाले की ज्याचा विश्वास कमी, त्याने वेगळं ठेवावं. दादांनी कार्ड पखवाजाच्या खोळीत, अस्तराच्या आत सरकवलं.

आणि मी? माझ्या सुनेने, हेतलने, निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या परकराच्या नेफ्यात शंभर डॉलरच्या दोन नोटा शिवून दिल्या होत्या. म्हणाली होती, आई, कुणाला सांगू नका. विमानात दादा शेजारी होते, त्यांना मात्र मी हळूच सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंत. बाकी कुणाला सांगायची मला लाज वाटली. देवाच्या कामाला निघाले आणि नेफ्यात चोरकप्पा.

सहाव्या दिवशी एका लांबच्या गावच्या देवळात दुपारचं कीर्तन झालं. इतकं रंगलं की तिथल्या म्हाताऱ्या बाया रडल्या. बसने हॉटेलवर आलो. दिवेलागणीला विलासरावांनी कमरेला हात लावला, तर झोळी नाही.

कोण कुठे शोधत सुटलं ते काय सांगू. दादांनी शोधाशोध केली नाही. ते म्हणाले, पहिला फोन बँकेला लावा, कार्डं बंद करा, झोळी मग शोधू. पण नंबर झोळीत. पिन झोळीत. मुलांना फोन करून नंबर काढा म्हटलं, तर विलासराव अडले. घरी कळलं की गावभर होईल, सकाळी बघू म्हणाले. यजमानांनाही सांगायचं नाही. इतक्या मानाने बोलावलं, त्यांच्यापुढे हात पसरायचा का? देऊळ उघडून बघायला सांगू म्हटलं, तर म्हणाले, "बसमध्ये चढताना माझ्या कमरेला होती. मला वेड लागलंय का?"

मग दादांनी पखवाज मांडीवर घेतला, खोळीची नाडी सोडली, आणि अस्तरातून कार्ड काढलं. रात्रीचं जेवण त्यातून. दुसऱ्या दिवसाचा चहा, नाश्ता, दोन्ही जेवणं, चौदा माणसांची. एका बाईंची रक्तदाबाची गोळी. परतीच्या गाडीचं ठरवलं तेही त्यातूनच. दादा यंत्रापुढे उभे राहायचे, अंगाने आकडे झाकायचे, पावती घडी करून खिशात घालायचे. चेहऱ्यावर काही नाही. एकतीस वर्षं चावी फिरवलेला माणूस. कुणाकडे पाणी पोचलं की त्यांचं काम झालं.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भात, डाळ, कसली तरी भाजी. विलासरावांनी घास घेतला, दादांच्या कार्डातला घास, आणि तो गिळायच्या आत बोलले.

"शत्रुघ्न, राग मानू नकोस. पण बसमध्ये माझ्या शेजारी तू होतास. माझा डोळा लागला होता. आणि आमच्यात वेगळं कार्ड ठेवणाराही तूच एकटा. झोळी जाणार हे तुला आधी कसं कळलं रे?"

ऐकलंत? जो सावध राहिला, तोच चोर. ज्याने जेवू घातलं, तोच चोर. अहो, ताटात हात होते आमचे! एकाचाही हात थांबला नाही. सुमेधने पापड मोडला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दादांनी पंगतीवरून नजर फिरवली. एकेका तोंडावरून. मग विचारलं, "आजून कोनी ठेवलं होतं का वेगळं?"

त्यांची नजर माझ्यावर आली. त्यांना ठाऊक होतं. विमानात मीच सांगितलं होतं. मी फक्त एवढं म्हणायचं होतं, हो दादा, मीपण ठेवलंय, हे बघा. दोन शब्द. तेवढ्याने त्यांचं नाव स्वच्छ झालं असतं, कारण मग वेगळं ठेवणं म्हणजे चोरी राहिली नसती. रोज ज्या तोंडाने मी देवाचं नाव घेते, त्या तोंडात भात होता. मी तो चावत राहिले.

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते विलासरावांना म्हणाले, "मला कायच आधी नाय कळलं, साहेब. एकतीस वर्सं पानी सोडलं. कोनतीपन लाइन फुटते, येवढंच मला ठावं हाय." ताट उचललं आणि बेसिनकडे गेले.

तीन आठवड्यांनी मॉरिशसहून पार्सल आलं. लाल झोळी. चौदा लिफाफे, जसेच्या तसे. यजमानांनी लिहिलं होतं की त्या लांबच्या देवळात, देवाच्या वस्त्रांच्या कपाटात मिळाली. आरतीला उभं राहताना कमरेला जड होते म्हणून विलासरावांनी स्वतःच तिथे ठेवली होती, स्वतःच्या हाताने, तिथल्या पुजाऱ्यासमोर, आणि विसरले होते.

विलासरावांनी देवळात सांगितलं, सापडली, देवाची कृपा. टाळ्या झाल्या. देवाची कृपा! देवाला कशाला मध्ये ओढता? दादांचा खर्च लिफाफ्यात घालून पोरासोरांहाती पाठवला, वर एक शाल. एकही माणूस स्वतः गेला नाही. शाल दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर होती, घडी न मोडलेली.

त्यानंतर दादा एकदाच आले. भर दुपारी, देवळात मी एकटी सोनचाफ्याचे हार करत होते. त्यांनी पखवाज खाली घेतला. शेवटच्या कीर्तनाची कणीक डाव्या तोंडावर तशीच होती, त्या संध्याकाळनंतर ती काढायची राहून गेली होती. सुकून दगड झाली होती. त्यांनी पाण्याचं बोट लावून लावून ती भिजवली. घाई नाही. तास गेला असेल. नखाने कड सोडवली, ओल्या फडक्याने कातडं पुसलं, कोरडं केलं.

मी म्हणाले, "दादा, मी त्या दिवशी बोलले नाही."

त्यांनी वर बघितलं नाही. "तुमच्या सुनेची शिवन चांगली हाय, ताई. उसवली नाय."

पखवाज खोळीत घातला, नाडी बांधली, कोपऱ्यात उभा केला. खोळीचं अस्तर जिथून उसवलं होतं तिथे त्यांनी काळ्या दोऱ्याने चार टाके घातले आणि गेले.

हल्ली आमच्याकडे तालाला मोबाइल लावतात. बरोबर वाजतो. चुकत नाही. मला तो ऐकवत नाही.

त्या दोन नोटा अजून नेफ्यात आहेत. मी त्या काढल्या नाहीत, काढणारही नाही. हे आज पहिल्यांदा बोलले, आणि उद्या विलासरावांच्या तोंडावर बोलणार आहे, सगळ्या पंगतीसमोर. ऐकायला दादा तिथे नसतील. तरी बोलणार.

तुम्हाला प्रसाद देते, तो घ्या आणि जा. पण कुठल्या परक्या गावी जाल, अर्धे पैसे एका जागी आणि अर्धे दुसरीकडे ठेवाल, तेव्हा जरा थांबा. निर्मळच्या शत्रुघ्नदादांची आठवण करा. त्यांना चोर म्हटलं होतं, आणि ते नव्हते. एवढं लक्षात ठेवाल ना?