घडीवर बेतलेलं

मास्तरांच्या बायकोच्या पायाला त्या दिवशी भिंगरी लागली होती. बाकावर बसायची, उठायची, काचेच्या दारातून आत डोकावायची, परत बसायची. आत लांबलचक टेबलाभोवती सहा म्हातारी माणसं चित्रं काढत होती. त्यांत तिचा नवरा. पन्नास वर्षं लोकांचे कपडे शिवलेला शिंपी, म्हणून सगळ्या दवाखान्याचा मास्तर.

झालं होतं असं, की दोन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जिवावर आलेलं हातापायावर निभावलं. "मी जन्मभर बेतलं, एकदा माझ्यावर बेतलं," असं मास्तर येईल त्याला सांगत, आणि तो हसला नाही तर परत सांगत. घरी तिनं एकटीनं पाच आठवडे त्यांची उठबस केली. मुलगी लांब राहणारी. तिला फोनवर "सगळं छान चाललंय" म्हणायचं आणि फोन ठेवून कंबर चोळायची. शेवटी तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांना इथं दाखल केलं.

इथं व्यायाम होता, औषधं होती आणि आठवड्यातून दोनदा चित्रांचा तास. तो घेणाऱ्या ताई तरुण, बाहीला कायम रंग लागलेला. तोंडानं बाहेर येत नाही ते हातानं येतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मास्तर हे पोराटोरांचे उद्योग म्हणून फुगून बसले; पण हातात पेन्सिल आली आणि गडी रमला.

पण दर वेळी माणूस काढायचे, आणि दर वेळी अर्धाच. मधोमध एक उभी रेघ, तिच्या उजवीकडे अर्धी मान, एक खांदा, एक बाही. डावीकडे कागद कोरा. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. या आजारात काहींना डावीकडचं जग जाणवतच नाही म्हणे. ताटातलं अर्धंच जेवतात, दाराच्या चौकटीवर आपटतात. तसं असेल तर घरी सोडायचं नाही, अजून तीन महिने इथंच. बाकीच्या तपासण्यांत मास्तर कधी बरोबर उत्तर द्यायचे, कधी टवाळी करायचे, त्यामुळे धड काही कळेना. आज ताईंनी शेवटचं चित्र पाहून आपलं मत लिहून द्यायचं होतं.

आणि मास्तरांच्या बायकोची बाकावरून ऊठबस चालली होती ती यासाठीच. तिला ठाऊक होतं. शिंप्याची बायको ती, काजं-बटणं करण्यात हयात गेली. कापड दुमडून घडीवर घ्यायचं, अर्धाच आकार आखायचा, कात्री चालवून उलगडलं की पूर्ण निघतो. शिंप्याचा हात अर्धंच काढणार, दुसरं काय काढणार? एक वाक्य बोलायचं होतं. तीन आठवडे ते तिच्या जिभेवर होतं आणि तीन आठवडे ती ते गिळत होती.

का, तर झोप लागत होती. बस, एवढंच कारण. नवऱ्याला परक्या खाटेवर टाकून घोरतेस भवाने, असं ती स्वतःलाच म्हणायची. आणि लगेच तिला आठवायचं, त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना डोळ्यांपुढे अंधारी यायची ते. लाजही खरी होती आणि झोपही खरी होती.

तास संपला. बाकीचे गेले, मास्तर तेवढे जागेवर बसून होते. ताईंनी तिला आत बोलावलं. टेबलावर परत एक अर्धी बाई. ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, की आता तसंच लिहावं लागेल, तीन महिन्यांची तयारी ठेवा.

तिला हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

"हे अर्धं नाहीये," ती म्हणाली. "घडीवर बेतलंय. त्यांना दोन्हीकडचं दिसतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी बोलले नाही."

ताईंना काही उमजेना. मग तिनं कागद त्या उभ्या रेघेवर मागे दुमडला, कात्री घेतली, आखणीवरून फिरवली आणि उलगडून पुढे ठेवला. दोन खांद्यांची, दोन हातांची अख्खी बाई.

"गप्प बसायचं काय घेशील?" मास्तर उखडले. "सगळा बेत घालवलास."

पहिलं चित्र सवयीनं निघालं, हे त्यांनी कबूल केलं. पण मग डॉक्टरीणबाईंचं तीन महिन्यांचं बोलणं कानावर पडलं, आणि पुढची सगळी अर्धी चित्रं, सगळी टवाळी मुद्दाम. का, म्हणून ताईंनी विचारलं. मास्तरांनी कापलेल्या कागदावरच्या कमरेपाशी बोट ठेवलं. तिथं बारीक आकडा होता. प्रत्येक चित्रात होता, कुणी पाहिलाच नव्हता.

"हिची कंबर. आजारपणाआधी बत्तीस. मला इथं आणलं तेव्हा अठ्ठावीस. आज एकोणतीस," मास्तर म्हणाले. पन्नास वर्षांची नजर, त्यांना टेप लागत नसे. "अजून तीन इंच भरली असती, की मी अख्खा माणूस काढून घरी येणार होतो."

बायकोला राग आला, रडू आलं, काय आधी आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पदरानं तोंड पुसून ती मटकन खुर्चीत बसली.

ताईंनी पेन उचललं, खाली ठेवलं. मग काय लिहू, असं त्यांनी कुणा एकाला न विचारता विचारलं. मास्तर बोलायला गेले, तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

"लिहा, दोन्ही बाजू दिसतात, घरी सोडा," ती म्हणाली. "आणि त्याच्याखाली लिहा, की बायकोला एकटीला झेपत नाही. मदतीला माणूस मिळेपर्यंत नेणार नाही."

हे वाक्य ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती, मुलीजवळही नाही. ताईंनी ते शब्दाला शब्द उतरवून घेतलं.