एकतिसावं गाव

"दयाबाई, थांबा. ती पट्टी लावू नका."

तारमास्तर रंगनाथ हातात चिठ्ठी घेऊन आत आले, तेव्हा पुण्याची लाइन मिळायला सात मिनिटं उरली होती.

नगरच्या तार ऑफिसात दया नऊ वर्षं टेलिप्रिंटरवर होती. मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकं पाडून घ्यायचा, पट्टी यंत्रात अडकवायची, पुण्यानं होकार दिला की कळ दाबायची. पुढं यंत्र आपलं आपण सगळं पाठवतं, त्याला कुणाचं सोयरसुतक नाही. आजच्या पट्टीवर चाळीस दुष्काळी गावांची यादी होती. उद्या पुण्याचे टँकर त्याच क्रमानं फिरणार होते.

"एक टँकर बंद पडलाय. एकतीस नंबरचं गाव गाळायचंय."

एकतीस म्हणजे खडकवस्ती. तिथं तिची आई मरियम एकटी राहायची. दयानं पट्टी हातातच धरून ठेवली.

"तेच गाव का, साहेब?"

"शेजारी विहीर आहे म्हणे."

"आटली ती. परवाच आईचं पत्र आलंय. लई हाल हायेत."

रंगनाथ माणूस वाईट नव्हता. त्यांनी लगेच फोन लावला. वरचे साहेब दौऱ्यावर होते.

"बाई, हे ठेवलं तर चाळिसाव्या गावापर्यंत पाणी पुरायचं नाही."

चाळिसावं गाव दयानं कधी पाहिलंही नव्हतं. तिथंही कुणाची तरी आई असणारच. मेली ही अक्कल ऐन वेळी कशाला सुचते, असं तिला झालं.

भोकं ती बोटांनी वाचायची. अंगठ्याखाली गाव सापडलं. कात्रीनं बोटभर तुकडा काढला, टोकं डिंकानं जोडली, फुंकर घातली. पुण्याचा होकार आला. तिनं कळ दाबली.

अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. ओला जोड अडखळला, आता फाटतो की काय, आणि सरकला. यादी संपली.

तेवढ्यात यंत्र उलटं खडखडलं. पुणं विचारत होतं, तीसनंतर एकदम बत्तीस. एकतीस राहिलं का?

याचं उत्तर पट्टीवर नव्हतं. रंगनाथ पुढं झाले. "सरा, मी टाइप करतो."

"नगं साहेब. लाइन माझी हाय."

तिनं एकेक अक्षर दाबलं. एकतीस रद्द. यादी बरोबर आहे.

संध्याकाळी खडकवस्तीवरून जाणाऱ्या शेवगाव एसटीत ती मांडीवर भरली कळशी घेऊन बसली. कंडक्टर म्हणाला, "बाई, रस्ता खराब हाय. सांडंल."

"न्हाई सांडायचं," दया म्हणाली, आणि कळशीच्या तोंडावर पदर घट्ट दाबून धरला.